प्रत्येक मजल्यावर एक काठी

—नाही नाही, तिथे नका बसू, त्या खुर्चीचा पाय हलतो, इकडे बसा, पंख्याखाली. केवढा दम लागलाय तुम्हाला. आधी पाणी घ्या, मग विचारा काय विचारायचं ते. पाच मजले म्हणजे काही चेष्टा नाही — जिन्यानेच आलात ना? वॉचमन म्हणाला असेल, साहेब जिन्याने जा. नवीन माणसाला तो तसंच सांगतो. छे हो, लिफ्टला काय धाड भरलीय, लिफ्ट चालू आहे, उत्तम चालू आहे, एक दिवस बंद नसते — त्याला आपलं वाटतं की चढउतार केली की तब्येत चांगली राहते. काय म्हणालात? काठ्या? कुठल्या काठ्या? हां, त्या. मजल्यामजल्यावर लिफ्टच्या दाराशी टेकवून ठेवल्यात त्या. नजर बारीक आहे हं तुमची, तुम्हाला या कामावर उगाच नाही नेमलेलं. त्या — मांजरांसाठी. फार मांजरं झालीत बिल्डिंगमध्ये. बसा, मी चहा आणते. नको कसा, तुमचा फोन आला तेव्हाच आधण ठेवलंय.

घ्या. साखर कमी वाटली तर सांगा. तर आमच्या चेअरमनबद्दल विचारायचंय तुम्हाला. विचारा ना! चेअरमन म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन, दुसऱ्या मजल्यावर राहतात, पण सगळं जग त्यांना चेअरमनच म्हणतं, त्यांची बायकोसुद्धा — 'चेअरमन, दूध संपलंय' — असं. सरकारने त्यांचं नाव मोठ्या जागेसाठी काढलंय हे मी टीव्हीवरच ऐकलं. सुरक्षा महासंचालक. मला आधी वाटलं पोलिसातलं काहीतरी असेल. मग त्यांची बायको म्हणाली, नाही हो काकू, पोलीस नाही — लिफ्ट, पूल, रोपवे, बागेतले मोठे पाळणे, कारखान्यांतले बॉयलर — म्हणजे जिथे जिथे माणूस यंत्राच्या भरवशावर उभा असतो, तिथली तपासणी करायची आणि 'धोका नाही' असं सर्टिफिकेट द्यायचं, त्या अख्ख्या खात्याचे हे वरचे साहेब. मी म्हटलं, अरे वा! दुसरं काय म्हणणार? आणि अशा जागेवर माणूस बसवण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतात म्हणे, स्थळ बघताना करतात तशी. पितो का, कुणाशी भांडतो का, घरात आवाज चढवतो का. माझं नाव त्यांनीच दिलं ना तुम्हाला? वाटलंच. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, काकू, कुणी विचारायला आलं तर माझ्याबद्दल दोन शब्द चांगले बोला. म्हटलं, दोन कशाला, दोनशे बोलते.

हे तुमचं विचारणं म्हणजे नुसतं शास्त्रापुरतं असेल ना? टीव्हीवर नाव आलं म्हणजे ठरलंच सगळं. नाही, विचारलं आपलं.

पीत नाहीत. एक थेंब नाही. पैशाचं म्हणाल तर अगदी स्वच्छ, सोसायटीच्या पैशातला चहासुद्धा कधी प्यायले नाहीत. भांडण? अहो, भांडणं मिटवतात ते. तिसऱ्या मजल्यावरचे दोघं भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, यांनी दोघांना आपल्या घरी जेवायला बोलावलं आणि आपण बाहेरून कडी लावून निघून गेले. खरंच सांगते. संध्याकाळी येऊन कडी काढली तर दोघं पत्ते खेळत बसलेले. असा माणूस. कुणाच्या घरी कुणी गेलं, की पहिले हे हजर. कुणाला ॲडमिशन, कुणाला नळाचं कनेक्शन, कुणाच्या जावयाची बदली — 'मी बघतो'. हा त्यांचा शब्द. मी बघतो. आणि बघतात हो, उगाच का म्हणू, नुसती उचलली जीभ लावली टाळ्याला असं नाही त्यांचं. आणि बोलणं तर असं, की सोसायटीच्या मीटिंगला आपण भांडायचं ठरवून जावं आणि टाळ्या वाजवून परत यावं. मी स्वतः वाजवल्यात. ते जाऊ दे.

एक मिनिट. श्श — ऐका. लिफ्टचा आवाज येतोय ना? कुणीतरी — थांबा हं, एक मिनिट बोलू नका — टक! ऐकलंत? टक असं वाजलं. हां. झालं. गेलं कुणीतरी लिफ्टने. काही नाही हो, मला सवय आहे कान द्यायची. रिकामटेकड्या म्हातारीला दुसरं काम काय. बिस्किट घ्या ना.

शिक्षण? म्हणजे चेअरमनचं? ते तुम्ही त्यांनाच विचारा, मला नक्की — कॉलेज केलंय. बहुतेक केलंय. आधी रंग विकायचे, भिंतीचे, घरोघरी जाऊन. मग पक्षात गेले. निवडणुकीच्या गाड्या, स्टेज, लाउडस्पीकर, कोण कुठे बसणार, कुणी किती बोलायचं, ते सगळं हे सांभाळायचे. फार घाम गाळलाय पक्षासाठी. मागच्या वेळी त्यांना तिकीट मिळणार होतं, ते मिळालं नाही, तेव्हा वरच्यांनी शब्द दिला होता, तुमचं काहीतरी चांगलं करू. ते हे. — हे लिहू नका हं तुम्ही, हे मी आपलं घरातलं बोलले. तांत्रिक अनुभव? यंत्रांचा? आता बघा, मी शाळेत शिवण शिकवायचे. आयुष्य गेलं त्यात. मुलगी फ्रॉक घेऊन यायची, बाई बघा ना किती छान झालाय. मी तो आधी उलटा करायचे. आतली शिवण बघायची. वरून काय, इस्त्री केली की कुठलंही कापड छानच दिसतं. मुली रडायच्या, बाई, आतून कोण बघतं? मी म्हणायचे, जो घालतो त्याला टोचतं. — हे मी कशावरून सांगायला लागले? हां, अनुभव. आहे ना. आमच्या लिफ्टचंच घ्या.

ही लिफ्ट आधी फार त्रास द्यायची, साहेब. जुनी आहे, मजल्यामजल्यावर लाकडी दार. मधेच थांबायची. दोन मजल्यांच्या मध्ये भिंतीकडे बघत उभं राहायचं, घंटा वाजवायची, वॉचमन येईपर्यंत. कंपनीचा माणूस यायचा, म्हणायचा, दारांची कुलुपं झिजलीत, सगळी बदलायला लागतील, तोवर बंद ठेवा. बंद ठेवा म्हणायला त्याचं काय जातंय? आमच्या ह्यांना — माझे यजमान हो, आत पडलेत — ह्यांना छातीत दुखायला लागलं त्या दिवशी, भर दुपारी, आणि लिफ्ट अडकलेली तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये. अँब्युलन्स खाली, हे वर, घामाने चिंब. कुणाला सुचेना. चेअरमन आले, ह्यांना पाठीवर घेतलं आणि उतरले. पाच मजले. ह्यांचं वजन काही कमी नाही, आणि चेअरमनचाही गुडघा तेव्हा धरलेला. खाली पोचले तेव्हा त्यांचे स्वतःचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर — जाऊ दे. तर मी विसरेन का ते? जन्मात विसरायची नाही. लिहा हे. हे आधी लिहा.

आणि तिथेच, हॉस्पिटलच्या पायरीवर बसून म्हणाले, काकू, या लिफ्टपायी परत कुणाचा जीव टांगणीला लागणार नाही, मी बघतो. आणि बघितलं. कंपनीच्या माणसाला काढून टाकलं. त्यांच्या ओळखीचा एकजण आहे, मिक्सर, इस्त्री, पंखे सगळं करतो, त्याला आणलं, आणि ती दारांची कुलुपं, ज्यांच्यामुळे लिफ्ट अडकायची ना, ती कुलुपंच काढून टाकली! वायर डायरेक्ट! ना रहेगा — काय म्हणतात ते — मूळच छाटलं. त्या दिवसापासून लिफ्ट एकदासुद्धा अडकलेली नाही. दार लागो न लागो, ती जाते. दारावरची काच फुटलेली होती, तिथे पत्रा ठोकून दिला, मजबूत. बघा, म्हणजे अनुभव आहेच.

नाही, तुम्ही असं माझ्याकडे बघू नका. मी काही बोलले का? चांगलंच सांगितलं की. कंपनीचा माणूस मग परत आला नाही, त्याला बोलावलं तरी. म्हणाला, मी याच्यावर सही करणार नाही. असतात अशी माणसं अडेलतट्टू.

काय हो? काय पाहिजे? — आतून हाक मारतायत. आले हं. — काही नाही, पाणी मागत होते. नाही, पाणी नव्हतं मागत. म्हणाले, काठीचं सांगितलंस का. ह्यांचं असंच. हे आता बाहेर पडत नाहीत ना, मग सगळं लक्ष माझ्या बोलण्यात. नाही, छातीचं नाही, छाती ठणठणीत आहे आता. रोज संध्याकाळी खाली जायचे, बागेत, तिथे त्यांचे चार म्हातारे जमायचे, एकाच वर्तमानपत्रावरून भांडायचे. आता नाही जात. दाराच्या उंबऱ्यापर्यंत येतात, उभे राहतात, परत फिरतात. खुर्ची खिडकीला लावून दिलीय, तिथून बाग दिसते. ते चौघे खालून हात करतात. हे वरून करतात. काय झालं? काही नाही झालं. त्यांची काठी पडली एकदा. चालायची काठी, हातातली. लिफ्टमध्ये पडली. म्हणजे — लिफ्टपाशी. तुम्ही पुढचं विचारा ना, यादीत अजून असेल की काहीतरी.

मी उठले की तुम्ही थांबू नका, बोला, मला एका जागी बसवत नाही. खिडकीतून बघत होते चेअरमनची गाडी आली का. आज मुलाखत आहे ना त्यांची, समितीपुढे, म्हणून गेलेत, नवीन कोट घालून. छान दिसत होता कोट. सकाळी वर आले, ह्यांच्या पाया पडले. काकांचा आशीर्वाद पाहिजे म्हणाले. ह्यांनी हात ठेवला डोक्यावर आणि खिडकीकडे तोंड वळवलं. मग मीच म्हटलं, होणार होणार, सगळं मनासारखं होणार. आणि खरंच व्हावं. मनापासून सांगते तुम्हाला, या बिल्डिंगमध्ये माझ्याइतकं कुणाला वाटत नसेल की त्यांना ती जागा मिळावी. का म्हणजे? माणसाची प्रगती झालेली बघवते मला. मोठा बंगला मिळेल, सरकारी, बागबिग असलेला, तिकडे जातील राहायला, इथलं चेअरमनपद सोडावंच लागेल — सेक्रेटरीबाईंनी तर त्या कंपनीच्या माणसाचा नंबर जपून ठेवलाय, त्या म्हणाल्याच मला, काकू, एकदा का हे गेले ना, की सुंठीवाचून खोक — नाही. काही नाही. म्हण आहे आपली एक, अशीच आठवली.

बोलता येत नाही हो. तुम्ही म्हणाल, मग मीटिंगमध्ये सांगायचं ना. कोण सांगणार? सगळ्या बिल्डिंगचं काही ना काही केलेलं आहे त्यांनी. प्रत्येकाला पाठीवर घेऊन एकदा जिना उतरलेत ते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, खोटं नाही. मी तोंड उघडायला गेले की मला त्यांचे ते पांढरे पडलेले ओठ दिसतात. आणि त्यांना 'मला माहीत नाही' असं म्हणता येत नाही, एवढाच एक दोष. हा दोष म्हणायचा का? मी आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकलं नाही — हे मला कळत नाही, कळणाऱ्याला विचारू. डॉक्टरांपुढे ह्यांच्या औषधाचं पण तेच सांगायला लागले होते. प्रेमापोटी हो! सगळं प्रेमापोटी. दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं, कधीच शिव्या घालून मोकळी झाले असते.

ऐका — परत लिफ्ट. थांबा... थांबा जरा... का वाजत नाही? अगं बाई, का वाजत नाही — टक. हां. वाजलं. चौथ्यावरची सून असेल, तिच्या हातात पिशव्या असतात, म्हणून वेळ लागतो. नाही, मला काही होत नाहीये. घाम येतो मला असाच.

काय म्हणालात? शास्त्रापुरतं नाही? म्हणजे — मागच्या वेळी एका शेजारणीच्या बोलण्यावरून नाव मागे घेतलं? असं? एका शेजारणीच्या? काय सांगितलं तिने? हां, ते तुम्हाला सांगता येणार नाही, बरोबर आहे. पण मग मी आत्ता जे बोलेन, म्हणजे माझ्या बोलण्याला — अहो, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. मी आपली समजत होते, नाव ठरलंय, ही म्हातारी काय बोलली न बोलली, कोण बघतंय. चहा गार झाला तुमचा. दुसरा आणते. नको? बरं.

एक विचारू? ते जे खातं आहे, ते सगळीकडच्या लिफ्टचं ना? म्हणजे फक्त याच गावातल्या नव्हे. माझी लेक आहे ना, लांब असते, तिचं ऑफिस एका उंच इमारतीत आहे, फार उंच, मी एकदा गेले होते, वर जाताना कानात दडे बसले. मी भिंतीला धरून उभी, आणि ही आपली फोनकडे बघत उभी. म्हटलं, बाई, तुला भीती नाही वाटत? तर म्हणते, आई, तपासलेली असते गं. त्या पाटीवर सही असते. आणि खरंच आत एक पाटी होती, तिच्यावर सही. तर ती सही — ती आता चेअरमनची असणार? तीच ना? तिथे पण ते म्हणणार, मी बघतो. तिथे पण काही अडलं, की — नाही, एवढ्या मोठ्या खात्यात हाताखाली इंजिनिअर असतील की, शिकलेले. ते सांगतील ना त्यांना. सांगतील आणि हे ऐकतील. कंपनीच्या माणसाचं ऐकलं तसं — नाही, तसं नव्हे — तुम्ही सांगा ना साहेब, वरचा माणूस 'होऊन जाईल' म्हणाला, की खालचा इंजिनिअर काय करतो? तुम्हाला बोलायची परवानगी नसेल.

बरं, शेवटचं काय? 'या व्यक्तीवर हे पद सोपवावं असं तुम्हाला वाटतं का.' असं सरळच विचारता? हो किंवा नाही. मधलं काही नाही का? 'माणूस चांगला आहे' असं लिहिता येत नाही? ते लिहिलंय, बरोबर. बघू दे विचार करून — विचार काय करायचाय, मी ठरवूनच बसले होते ना. अहो, आत हे खिडकीशी बसलेत. मला त्यांना खाली बागेत न्यायचंय. एवढंच. मला दुसरं काही नको. चेअरमन बंगल्यावर गेले, की सेक्रेटरीबाई कंपनीला बोलावतील, कुलुपं बसतील, आणि मी ह्यांचा हात धरून त्यांना खाली नेईन. लिहा. हो. हो लिहा. सोपवावं. माझी काही हरकत नाही. लिहिलंत? झालं तर मग. झालं ना सगळं? या तुम्ही, उशीर होईल. मी दार लावून घेते, तुम्ही व्हा पुढे, मला जरा आत ह्यांचं — हो हो, नमस्कार. सांभाळून जा.

काय? हो, लिफ्ट आहे ना चालू, मघाशी म्हटलं की. कधी अडकत नाही —

साहेब! अहो साहेब, हात काढा! त्या दारावरून हात काढा आधी! मागे या. अजून एक पाऊल. तिथेच थांबा, मी आले, माझी चप्पल मेली कुठे — थांबा म्हटलं ना!

हं. आता ती काठी घ्या. ती भिंतीशी टेकवलेली. घ्या हातात, घाबरू नका. आता दार उघडा. उघडतंय बघा. लिफ्ट तिकडे खाली कुठेतरी उभी आहे आणि दार इथे पाचव्यावर उघडतंय. आत काळोख आहे ना? लिफ्टमधला दिवा गेलेला असतो नेहमी, त्यामुळे ती असली तरी काळोख आणि नसली तरी काळोख. घाला काठी आत. खाली टेकवा. लागली जमीन? टक असं वाजलं? नाही ना वाजलं. वाजलं तर पाय टाकायचा. नाही वाजलं तर दार लावायचं आणि थांबायचं. अशी आमची पद्धत आहे. म्हणून मी कान देऊन बसते. सगळी बिल्डिंग कान देऊन बसते.

हे इथेच उभे होते. तुम्ही उभे आहात तिथेच. बागेत निघाले होते. त्यांना काळोखात कमी दिसतं, म्हणून सवयीने पाऊल टाकायच्या आधी काठी पुढे टाकली, आणि ती काठी कशाला लागलीच नाही. हातातून सुटली. मी घरात होते, मी नुसता आवाज ऐकला — खाली, खूप खाली. मी बाहेर आले तेव्हा हे दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे होते, आणि एक पाय हवेत. तो पाय त्यांना मागे घेता येईना. मी घेतला, हाताने उचलून.

आणि चेअरमन रडले हो! इथे या जिन्यात बसून रडले. मग मीटिंग बोलावली. वाटलं, आता कुलुपं बसणार. तर उभे राहिले आणि म्हणाले, काकांच्या काठीने आपल्याला मार्ग दाखवलाय, आजपासून प्रत्येक मजल्यावर एक काठी. स्वतः आणल्या, स्वतःच्या हाताने तासल्या, कुणाच्या हातात कुसळ भरू नये म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. काय करणार, इतक्या सुंदर तासल्या होत्या.

मांजरं नाहीत आमच्याकडे.

आता सांगते ते नीट ऐका, दुसऱ्यांदा विचारू नका, मला नाही सांगता यायचं. ते मघाचं उत्तर खोडा. 'नाही' लिहा. नाही सोपवावं. माझं नाव घाला खुशाल. राहू दे त्यांना इथेच, दुसऱ्या मजल्यावर. आमचं काय, आम्हाला निदान माहीत आहे. आम्ही काठी घालून बघतो. ती माझी लेक फोनकडे बघत आत शिरते हो, तिला कोण सांगणार? — काय हो? हो, सांगितलं! काठीचं सांगितलं! तुम्ही बसा तिथे, बघा ते चौघे हात करतायत का.

नाही, आता आत नका येऊ. चहाबिहा काही नाही. चेअरमनची गाडी येईल एवढ्यात, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघायचंय अजून. जा तुम्ही. जिन्याने जा. आणि ती काठी घेऊन कुठे निघालात? ठेवा जागेवर. लागते ती.